फाटकापर्यंत

रविवारी संध्याकाळी दीडशे किलोचे आप्पा प्लास्टिकची खुर्ची पुढं सरकवत फाटकाकडे निघाले आणि चाळीस पावलांत चार वेळा बसले. “उठा आप्पा! तुम्ही मेंढरांमागं कोकणापर्यंत चालायचात, आन् आता फाटक लांब झालं व्हय?” लेक चिडली. “पायांत जोरच न्हाई, पोरी.” “जोर न्हाई का कंटाळा?” आप्पा हसले आणि उठले. पहाटे झोपेतच ते गेले. दाखला लिहिणाऱ्या दौंडच्या डॉक्टरांना तिनं पायांतल्या जोराबद्दल विचारलं. “खरंच नसतो. एवढ्या वजनात स्नायूंतच चरबी शिरते. खाल्लेलं जाळून ताकद मिळवणं स्नायूंना जमत नाही.” दहाव्यानंतर ती अंगण झाडत होती. फाटकापर्यंत चार ठिकाणी खुर्चीच्या पायांचे खळगे होते, रोज बसून बसून खोल झालेले. झाडू टाकून तिनं खुर्ची आणली, पहिल्या खळग्यांत ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, “बसा, आप्पा. दमलात.”