विजेत्याची बाटली

“आमच्या खेळाडूंच्या रक्तात मेहनतीशिवाय काहीही सापडणार नाही,” सायकल संघाच्या व्यवस्थापकांनी पत्रकारांसमोर गर्जना केली. त्याच वेळी शेजारच्या खोलीत त्यांचा विजेता चड्डी गुडघ्यांपर्यंत उतरवून, लघवीच्या चाचणीची रिकामी बाटली धरून उभा होता. दिवसभर घाट चढून सुकलेल्या अंगातून थेंब निघेना. “सावकाश होऊ द्या, मला बघत राहण्याचाच पगार मिळतो,” तपासनीस म्हणाला. “काही घेतलं नसेल तर घाबरता कशाला?” “घेतलंय की नाही, तेच ठाऊक नाही. संघाचे डॉक्टर देतात, आम्ही गिळतो.” “विचारायचं ना.” “दोघांनी विचारलं होतं. ते आता घरी बसून शर्यत बघतात.” “मागच्या वेळी तुम्ही निर्दोष ठरलात की.” “तेव्हा लोक म्हणाले, डॉक्टर हुशार आहे. काल बायकोही तेच म्हणाली.” बाहेर टाळ्या पडल्या. “साहेब, आवाजाला तेवढा नळ सोडता का?”