आठव्या वर्षीचा वास

द्राक्षमळ्यांच्या आरो गावातल्या आपल्या तळघरात बाबांनी ओकच्या पिंपातली पांढरी वाइन पेल्यात घेतली, हुंगली, पुन्हा हुंगली. “मेली गं, कासिल्दा. काहीच वास नाही.” पहिल्या वर्षी हिला हिरव्या सफरचंदाचा वास होता, चौथ्या वर्षी रुसून मुकी झाली, तेव्हा बाबाच म्हणाले होते, “थांब, बोलेल.” आज आठव्या वर्षी कासिल्दाच्या नाकाशी अक्रोड, मध, मेण सारं बोलत होतं. पण तापातून उठल्यापासून बाबांना जळलेल्या कांद्याचाही वास येत नव्हता. ज्यांच्या नाकाच्या भरवशावर गाव बाटल्या भरायचं, ते तिचं मनगट धरून विनवू लागले, “सांग ना, मेलीय म्हणून!” “मेलीय, बाबा.” त्यांनी पिंपाचं बूच उपटलं. सोनेरी धार फरशीवर कोसळली. जिन्यावरून शेजारीण ओरडली, “अगं बाई, काय घमघमाट! कुणाचं लग्न काढलंत?” बाबांनी गुडघे टेकून दोन्ही तळव्यांनी भोक दाबून धरलं.