पावलांत उगवलेली भाजी

ओढ्याकाठची ती रानभाजी ओळखायला मला ताईनंच शिकवलं. पान चुरगाळून वास घ्यायचा. कोथिंबिरीसारखा आला तर खुशाल खुडायची. उंदरासारखा आला तर ती विषारी, तिथंच टाकायची आणि हात धुवायचे.

ओढा सोडून ती कुठं उगवत नाही, असं ताईच सांगायची. या वसंतात ती आमच्या परसात उगवली, तीही पावलांच्या आकारात.

रुंद, बाहेर वळलेली पावलं नवऱ्याची. त्यांच्या बाजूची, करंगळी नसलेली, ताईची. दोन्ही ओढ्याकडून येऊन मागच्या दाराशी संपत होती. मी दवाखान्यात पडून होते तेव्हा घर सांभाळायला ताईच आली होती. आणि मी वेडी तिचे उपकार मानत बसले!

काल ती पुन्हा राहायला आली. आज केर काढताना पलंगाजवळची चटई उचलली. फरशी फोडून तीच चार पावलं हिरवीगार उगवली होती, बोटं माझ्या उशीकडे. मी एक पान चुरगाळलं.

उंदराचा वास आला.

"चल गं, गरम आहे तोवर जेवून घे," स्वयंपाकघरातून ताईनं हाक मारली. "भाजी थोडीच निघाली, तुझ्यापुरतीच केलीय."