आपण

मुलगा आज भलताच गोड बोलायला लागला, तेव्हाच मशीनवर शिवत बसलेल्या आईच्या मनात पाल चुकचुकली. “आई, माझ्या बदलीसाठी ऑफिसने दोन शहरं सुचवलीत. समुद्राजवळचं की डोंगरातलं, तूच ठरव. आपण तिथेच राहू.” घरात शिवणारी आई असताना तयार पडदे आणणारा हा पठ्ठ्या तिला अख्खं शहर निवडायला सांगत होता! त्यात सूनबाई न सांगता सुईत दोरा ओवून देत होत्या. “समुद्राजवळचं,” ती चाचपत म्हणाली. “खिडकीशी माझी मशीन ठेवू.” नवराबायकोची नजरानजर झाली. “वा! मग तुझं घर विकून टाकू. आम्ही तिकडे रुळलो की तुलाही नेऊ,” मुलगा बोलून गेला. मघाचं ‘आपण’ एवढ्यात ‘आम्ही’ झालं! तिने सुनेच्या हातातली सुई काढून घेतली. “तुम्ही खुशाल जा,” मशीनवर हात ठेवत ती म्हणाली, “आम्ही दोघी इथेच बऱ्या.”