मांजराच्या गळ्यातली घंटा

तोडलेल्या फांद्यांचा ढीग उचलता उचलता माळी थबकला. "साहेब, यात घरटं होतं हो."

वाकनीस वाकले. जास्वंदीची दोन पानं कापसाच्या धाग्याने एकमेकांना शिवलेली, आणि आत शिंपी पक्ष्याची तीन पिल्लं, माना टाकलेली. नव्या गाडीला जागा हवी म्हणून फाटकाजवळचं ते जुनं जास्वंदीचं कुंपण त्यांनीच सकाळी मुळासकट काढायला लावलं होतं.

आणि मागच्याच महिन्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये चारचौघांदेखत, "तुमच्या मांजरापायी इथं एक पाखरू उरायचं नाही," असं सुनावून शेवडेबाईंना मांजराच्या गळ्यात घंटा बांधायलाही त्यांनीच लावलं होतं. बाईंनी निमूट बांधली होती.

मागे किणकिण झाली. मांजराला कडेवर घेऊन शेवडेबाई उभ्या होत्या. पिल्लांकडे बघत त्यांनी घंटा सोडली आणि वाकनीसांच्या हातावर ठेवली.

"असू द्या तुमच्याकडे. तुम्ही येताय हे पाखरांना कळायला हवं."

वाकनीसांना मान वर करवेना. त्यांनी घरट्याकडे हात नेला, घंटा वाजली, आणि तारेवर आकांत करत बसलेली पिल्लांची आई भुर्रकन उडून गेली.