भोंग्यानंतरची मिनिटं

भोंगा वाजला तशी राडोस्तिनाने घड्याळाची कळ दाबली आणि गुडघाभर पाण्यातून काठाकडे निघाली. धावायचं नाही, साधं चालायचं, असं तिने स्वतःला बजावलं होतं. गोटे निसरडे होते. रोडोपीच्या डोंगरातलं पाणी जूनमध्येही पायांना झोंबत होतं. पायवाट चढून ती रस्त्यावर आली तेव्हा तीन मिनिटं चाळीस सेकंद झाले होते.

धरणाच्या भिंतीवर वल्कोकाका कठड्याला टेकून उभे होते. दरवाजे बंदच राहणार होते. आज चाचणीपुरता नुसता भोंगा होता. नदीतल्या माणसांना बाहेर पडता यावं म्हणून भोंग्यानंतर तीस मिनिटं थांबून दरवाजे उघडायचे, हा जुना नियम. राडोस्तिनाने वर्षभर खपून नदीचं गणित मांडलं होतं, आणि त्या गणिताप्रमाणे बारा मिनिटं पुरत होती. बारा झाली की संध्याकाळी खालच्या शहराला हवी तेव्हा वीज देता येणार होती. वरच्या कचेरीचा होकार आला होता. उरली होती धरणप्रमुख म्हणून काकांची सही.

"सही करतो की," ते म्हणाले होते. "आधी एकदा पाण्यात उभी राहून ये. बुधवारी जा. बुधवारी बायका घोंगडी धुवायला येतात."

बायका आल्या नव्हत्या. राडोस्तिना तासभर पाण्यात मोजपट्ट्या रोवत होती, त्या वेळात एकट्या स्तोयनाआजी घोंगडं घेऊन उतरल्या होत्या. त्या अजून पाण्यातच होत्या.

"आजी, भोंगा वाजला."

"बहिरी नाही मी."

"मग निघा ना."

"निघालेच आहे. हे काय."

आजी निघाल्या नव्हत्या. लांब लोकरीचं पांढरं घोंगडं गोट्यांवर पसरून त्या पायांनी तुडवत होत्या. कोरडं असताना ते त्यांनी खांद्यावरून आणलं होतं. आता ते ओल्या मेंढीसारखं पडलं होतं.

"ते राहू द्या तिथेच. नुसत्या या."

आजींनी वर पाहिलं. "तू विणलंस का हे?"

"नाही."

"मग तू जा नुसती."

घड्याळात सहा मिनिटं झाली होती. कळ दाबायला हरकत नव्हती. माणसाला बाहेर पडायला लागणारा वेळ तिच्या कागदावर होता, तो आत्ताच खराही ठरला होता. आजींचा हट्ट कुठल्या रकान्यात मांडणार? पण तेराव्या मिनिटाला या वळणावर छातीएवढं पाणी येतं, हेही त्याच कागदावर होतं, आणि आजींची छाती तिच्या कमरेच्या थोडी वर लागत होती.

कळ न दाबता ती परत पाण्यात उतरली.

घोंगड्याचं एक टोक तिने धरलं. आजींनी दुसरं धरलं.

"उलटा पीळ घालतेयस," आजी म्हणाल्या. "तू तुझ्या उजवीकडे, मी माझ्या उजवीकडे. इंजिनीअर ना तू?"

"हो."

"कोणी केलं?"

तेरावं मिनिट त्या दोघी पाण्यात असतानाच गेलं. राडोस्तिनाने ते घड्याळात पाहिलं आणि पीळ आणखी आवळला. चढावर आजी तीनदा थांबल्या. एकदा गुडघ्यासाठी, एकदा दम लागला म्हणून, आणि तिसऱ्यांदा नातीच्या होणाऱ्या नवऱ्याची उंची सांगायला. घोंगडं त्याच्या मापाने विणलं होतं.

रस्त्यावर पोचून तिने कळ दाबली. अडतीस मिनिटं, दहा सेकंद.

घोंगडं कठड्यावर पसरलं. आजींनी फडक्यातून बटाट्याची पोळी काढून निम्मी तिच्या हातात दिली. राडोस्तिनाला एकदम कडकडून भूक लागली होती. ऊन छान होतं. वल्कोकाका खाली येईपर्यंत तिची पोळी संपलीही.

"किती?"

"अडतीस. तेही दोघींनी मिळून." तिने कागदावरच्या बारावर काट मारली. "माझा आकडा चुकला, काका." मग जरा थांबून म्हणाली, "पण तुमचाही चुकलाय."

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तीस मिनिटं मी मोजली ती याच आजींवरून. इथेच बसून. पन्नाशीच्या होत्या तेव्हा, ओलं घोंगडं एकट्याच वर घेऊन आल्या होत्या." ते हिशेब करू लागले. "सव्वीस वर्षं झाली की गं. आजींचं वय वाढत गेलं. आकडा वाढवायचं मला सुचलंच नाही." त्यांनी पेन पुढे केलं. "लिही. पंचेचाळीस."

तिने पंचेचाळीस लिहिलं, पण पेन खाली ठेवलं नाही.

"आजी, मग इतके दिवस तुम्ही तीस मिनिटांत वर कशा येत होता?"

"येत कुठे होते? तीन उन्हाळे झाले, नदीत पाय घातला नाही. आमच्यातली कोणीच उतरत नाही आता." आजींनी घोंगड्याची ओली किनार उलटून उन्हाकडे केली. "आज तू पाण्यात उभी दिसलीस. म्हटलं, ही आत आहे तोवर काही ते दरवाजे उघडत नाहीत."