पॅकिंग सुकेपर्यंत

जीपखालून त्याने काळा हात बाहेर काढला. "आई, ती सिलिकॉनची नळी दे गं!"

"गळू दे रे," आई पायरीवरूनच म्हणाली. "इतकी वर्षं गळतेय, कुणाचं काय बिघडलं?"

तो ऐकणाऱ्यातला नव्हता. सुट्टीवर घरी आला की त्याच्या हातांना चैन पडत नसे. नळ झाले, दारांच्या बिजागऱ्या झाल्या, आता बाबांच्या म्हाताऱ्या जीपची पाळी होती. ती उभी राहील तिथे तेलाची रांगोळी घालायची. शेजारी नाकं मुरडायचे. त्याने इंजिनाखालचं झाकण उतरवलं, गिअरबॉक्सचं उतरवलं, जुनी पॅकिंगं खरवडून सिलिकॉनची नवी बसवली. आता मागच्या अ‍ॅक्सलचं झाकण तेवढं राहिलं होतं, पण त्याचा धीर संपत आला होता.

बाबा जवळ येऊन वाकले. उभी हयात त्यांनी याच जीपमधून डोंगर पालथे घालत जमिनी मोजल्या होत्या. हल्ली त्यांना पोटचा मुलगा कधी ओळखू यायचा, कधी नाही.

"मिस्त्री," ते म्हणाले, "हे रात्रभर सुकू द्या. घाई केलीत तर पुन्हा गळेल."

मिस्त्री! त्याला तिथे क्षणभरही थांबवेना. ओल्या सिलिकॉनवरच त्याने अ‍ॅक्सलचं झाकण बसवलं, भराभर बोल्ट आवळले, तेल भरलं, इंजिन चालू करून खाली पाहिलं. एक थेंब नाही. इंजिन बंद करून तो हात धुवायला गेला. किल्ली जीपमध्येच राहिली.

हाताला साबण असतानाच इंजिन घरघरलं. तो धावत बाहेर आला, तोवर अंगण रिकामं होतं.

आई अनवाणीच रस्त्यावर आली होती, मान खाली घालून.

"खाली काय शोधतेस? पुढे बघ ना!"

"थेंब," आई म्हणाली. "त्यांना परतीची वाट आठवत नाही रे. जीप घेऊन भरकटतात. मी थेंबांच्या मागे मागे जाते आणि घेऊन येते."

"मला कधी बोलली नाहीस?"

"तू जीप विकून मोकळा झाला असतास. मग त्यांचं उरलं काय असतं?"

रस्ता कोरडा ठणठणीत होता. अंगणात आपण केवढा पराक्रम केला, ते आता त्याला कळलं. आईला स्कूटरवर बसवून त्याने फाटा गाठला. एक रस्ता ट्रकांच्या हमरस्त्याला मिळत होता, दुसरा घाटात चढत होता आणि घाटाला कठडा नव्हता. आई फाट्यावरच मटकन बसली.

निदान चाकांची खूण तरी दिसेल म्हणून स्कूटर तिथेच सोडून, रस्ता न्याहाळत तो हमरस्त्याच्या दिशेने पळाला. काही नाही. परत फिरला आणि धापा टाकत घाट चढू लागला. पहिल्या वळणावर तो गुडघ्यांवर बसला. रस्त्यावर काहीतरी चमकत होतं. त्याने बोट लावून हुंगलं. मघाशी साबणाने घालवलेला तोच उग्र वास. थोडं वर आणखी एक ठिपका, त्याच्यापुढे आणखी एक.

"आई, ऊठ, चल!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "गळतेय गं, अजून गळतेय!"